कुंपण आणि अडथळा

अभ्यासक्रमाच्या पुनर्रचनेचा विषय निघाला की प्राध्यापकांच्या खोलीत एक वाक्य हमखास उच्चारले जाते : 'हे आपल्या मुलांना जड जाते.' आपली मुले म्हणजे न्हावरे आणि आसपासच्या गावांतून, शिरूर-दौंडच्या सीमेवरील वाड्यावस्त्यांवरून एस.टी.ने किंवा कुणाच्या तरी दुचाकीवर मागे बसून महाविद्यालयात येणारी मुले. हे वाक्य करुणेपोटी उच्चारले जाते, त्यामुळे त्याला विरोध करणे अवघड असते. विरोध करणारा माणूस निष्ठुर ठरतो किंवा पंडिती मिरवणारा ठरतो. आम्ही दोघांनीही हे वाक्य अनेकदा उच्चारलेले आहे, आणि त्याचे परिणामही पाहिले आहेत. आधी जी. ए. कुलकर्णींची दीर्घ कथा जाते आणि तिच्या जागी आटोपशीर कथा येते. मग मर्ढेकरांच्या कवितांची संख्या घटते. ज्ञानेश्वरीचा संपूर्ण अध्याय जाऊन 'निवडक ओव्या' येतात आणि शेवटी विद्यार्थी त्या ओव्याही न वाचता मार्गदर्शकातील सारांश वाचून उत्तीर्ण होतात. प्रत्येक पायरीवर आपण विद्यार्थ्यांचे भले केले, असा आपला प्रामाणिक समज असतो.

या समजाविषयी आमच्या मनात पहिली शंका निर्माण झाली ती गोल्फच्या मैदानावर. मराठीच्या अध्यापकांनी गोल्फविषयी लिहावे हे काही वाचकांना विनोदी वाटेल. आम्हांलाही त्या दिवशी सकाळपर्यंत ते विनोदीच वाटत होते.

हकिगत अशी. आमचा एक माजी विद्यार्थी रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका परदेशी कंपनीत दुभाषा म्हणून काम करत होता. साहेबांबरोबर राहून तो कोरियन शिकला आणि गोल्फही शिकला. एका दिवाळीत भेटायला आला तेव्हा म्हणाला, "सर, तुम्ही दोघं एकदा याच. तुम्ही वर्गात 'नीट वाचा, नीट वाचा' म्हणायचा ना, तो खेळ सगळा वाचण्याचाच आहे." त्याच्या आग्रहाखातर आम्ही काही रविवार पुण्यातील सरावाच्या मैदानावर घालवले. चेंडूला काठी लागणे हीच किती मोठी गोष्ट असते हे तिथे कळले. २०१६ च्या जानेवारीत तो आम्हांला ॲम्बी व्हॅलीच्या मैदानावर घेऊन गेला.

लोणावळ्याहून भुशीवरून पुढे गेले की रस्ता सह्याद्रीच्या ऐन माथ्याने जाऊ लागतो. कोराईगडाच्या तटावरून खाली पाहणाऱ्या कोणत्याही भटक्याला ते दृश्य परिचित असेल : दाट झाडीचे डोंगर, त्यांच्या कुशीत बांध घालून अडवलेली निळी तळी, आणि त्यांच्या भोवती आखलेली एक खाजगी नगरी. शिरूरच्या पूर्व भागातून, बाभळी आणि उसाच्या मधल्या करड्या माळरानातून आलेल्या माणसाला तो हिरवा रंग क्षणभर खोटाच वाटतो. अठरा गलींचे मैदान, पार बहात्तरचा. 'पार' म्हणजे निष्णात खेळाडूकडून अपेक्षित असलेली टोल्यांची संख्या. ज्याला इंग्रजीत होल म्हणतात त्याला आम्ही मनातल्या मनात गल म्हणू लागलो, कारण विटीदांडूतील आणि गोट्यांतील गल आमच्या हातापायांना ठाऊक होती. फरक इतकाच की विटी गलीवरून निघून दूर जाते आणि हा चेंडू दुरून निघून गलीकडे येतो. जेमतेम सव्वाचार इंच व्यासाच्या त्या गलीत तो पोचवायचा असतो, आणि त्यासाठी जास्तीत जास्त चौदा काठ्या जवळ बाळगण्याची मुभा असते.

यजमानाने आम्हां दोघांना मिळून एकच चेंडू दिला. या प्रकाराला 'फोरसम' म्हणतात. जोडीतील एकाने एक टोला मारायचा, चेंडू जिथे पडेल तिथून पुढचा दुसऱ्याने. आपल्या भिडूने झाडीत घातलेला चेंडू आपण बाहेर काढायचा आणि आपण तळ्यात घातलेल्या चेंडूचा दंड दोघांनी मिळून सोसायचा. एकाच विषयाचे तास वाटून घेणाऱ्या आम्हां दोघांना ही व्यवस्था चांगलीच परिचित वाटली. पहिल्या वर्षाला एकाने सोडलेला कच्चा दुवा तिसऱ्या वर्षाला दुसऱ्याच्या वाट्याला येतोच.

त्या दिवशीचे आमचे खेळकौशल्य वर्णन करण्याजोगे नाही. अठराव्या गलीपर्यंत आमचे टोले दीडशेच्या पुढे गेले होते. पण त्या चार-पाच तासांत त्या मैदानाने आम्हांला जे शिकवले ते वर्णन करण्याजोगे आहे.

पहिली गोष्ट म्हणजे तिथला प्रत्येक अडथळा कुणीतरी विचारपूर्वक ठेवलेला असतो. गल दिसते, पण सरळ वाट दिसते तिथे तळ्याचे एक बोट आत आलेले असते. तळे टाळून डावीकडून जावे तर झाडांची रांग उभी असते. झाडे टाळून आखूड टोला मारावा तर वाळूचा खळगा बरोबर तेवढ्याच अंतरावर असतो. आरंभी आम्हांला हा खोडसाळपणा वाटला. सहाव्या-सातव्या गलीपर्यंत लक्षात आले की हे अडथळे आपल्याशी बोलत आहेत. तुझी ताकद किती, तुझा अंदाज किती, तुला मोह कशाचा होतो, असे ते विचारत असतात. अडथळे नसलेल्या सपाट कुरणावर चेंडू मारत जाण्याला कुणी खेळ म्हणणार नाही. चांगल्या कवितेतील दुर्बोध भासणारी जागाही अशीच असते. कवीने ती ठेवलेली असते, आणि तिथे थांबून वाचकाला स्वतःची काठी निवडावी लागते.

दुसरी गोष्ट म्हणजे चेंडू जसा पडला असेल तसाच खेळायचा, हा या खेळाचा मूळ नियम. गवतात रुतला, उतारावर पडला, मुळाशी अडकला तरी त्याला हलवून सोईच्या जागी ठेवता येत नाही. मात्र अगदीच अशक्य झाले तर खेळाडू 'हा चेंडू मला खेळता येण्याजोगा नाही' असे जाहीर करू शकतो. एका टोल्याचा दंड घ्यायचा, नियमाने ठरवून दिलेल्या जागी चेंडू ठेवायचा आणि पुढे चालू लागायचे. यातील लक्षणीय भाग असा की चेंडू खेळता येण्याजोगा नाही हे ठरवण्याचा अधिकार फक्त खेळणाऱ्याचा असतो. तो परस्पर दुसरा कुणी ठरवू शकत नाही. आम्ही मात्र प्राध्यापकांच्या खोलीत बसून, चेंडू टोलवला जाण्याच्या आधीच, सगळ्या वर्गाच्या वतीने हा निर्णय देऊन मोकळे होतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तिचे नाव 'हँडिकॅप'. हा शब्द आपण इतर अर्थाने इतका वापरला आहे की त्यामागील कल्पनेकडे आपले लक्षच गेलेले नाही. एक मुरलेला खेळाडू आणि एक नवखा एकाच मैदानावर एकमेकांशी बरोबरीने खेळू इच्छितात. यासाठी दोन मार्ग संभवतात. एक तर मैदान सोपे करायचे, म्हणजे तळे बुजवायचे, झाडे तोडायची, खळगे भरायचे. किंवा मैदान आहे तसेच ठेवून नवख्याला काही टोल्यांची सवलत द्यायची. गोल्फने दुसरा मार्ग पत्करला. चोवीसचा हँडिकॅप असलेल्याने शंभर टोल्यांत मैदान पुरे केले तर त्याचे शहात्तर धरले जातात. २०२० पासून लागू झालेल्या जागतिक पद्धतीत ही सवलत चोपन्नपर्यंत जाऊ शकते, म्हणजे दर गलीमागे तब्बल तीन टोले. गरीब-श्रीमंत, तरुण-वृद्ध, निष्णात-अडाणी सगळ्यांसमोर तळे मात्र तेच.

ही सवलत कुठे मिळते याचाही एक नियम आहे. मैदानावरील अठरा गलींना अवघडपणाच्या क्रमाने एक ते अठरा असे अंक दिलेले असतात आणि सवलतीचा टोला सर्वांत अवघड गलीवर आधी मिळतो. आमच्या शिक्षणव्यवस्थेत याच्या नेमके उलटे घडते. सोप्या पाठावर प्रश्नोत्तरे असतात, टिपा असतात, चित्रफिती असतात, उजळणीचे तास असतात. ज्या ओवीपाशी, ज्या प्रतिमेपाशी विद्यार्थी खरोखर अडतो तिथे मार्गदर्शकही मौन बाळगतो आणि अध्यापकही तास संपत आल्याचे कारण सांगून पुढे सरकतो. मदत जिथे नको तिथे रेलचेल, आणि हवी तिथे दुष्काळ.

कुणी म्हणेल, मग हे कृपागुणच झाले. तसे नाही. कृपागुण खेळ संपल्यावर मिळतात, खेळाकडे न पाहता मिळतात आणि ते मिळाल्याने पुढच्या वेळी काहीच बदलत नाही. हँडिकॅप खेळाआधी जाहीर असतो, त्या खेळाडूच्याच आधीच्या कामगिरीवरून काढलेला असतो आणि खेळ सुधारला की तो कमी होत जातो. आजच्या पद्धतीत तो शेवटच्या वीस खेळांपैकी सर्वोत्तम आठ खेळांवरून ठरतो. सरासरीवरून किंवा सर्वांत वाईट दिवसावरून तो ठरत नाही. माणूस त्याच्या चांगल्या दिवशी काय करू शकतो, हा प्रश्न ही पद्धत विचारते. आपल्या परीक्षा हा प्रश्न कधी विचारतात काय?

इथपर्यंत वाचलेल्या काही वाचकांच्या मनात एक आक्षेप खदखदत असणार. तो रास्त आहे आणि टाळण्याजोगा नाही. गोल्फ हा धनिकांचा खेळ आहे. या देशात तो इंग्रजांबरोबर आला. १८२९ साली स्थापन झालेला कलकत्त्याचा क्लब ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना मानला जातो. पुढे छावण्यांमधून, जिमखान्यांमधून आणि अलीकडे बांधकाम व्यावसायिकांच्या जाहिरातींमधून तो पसरला. या मैदानांना जमीन आणि पाणी प्रचंड लागते. आमच्या बाजूला चासकमानच्या आवर्तनाची तारीख सणाच्या तारखेइतकीच आतुरतेने विचारली जाते. अशा गावाहून येऊन शोभेच्या गवतावर फिरणारे पाण्याचे फवारे पाहताना आम्हांला अपराधी वाटले, हे कबूल केले पाहिजे. शिवाय ज्या मुळशी तालुक्यात आम्ही उभे होतो त्याच तालुक्यात १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला होता. तिथले विस्तीर्ण निळे पाणी प्रेक्षणीय आहे, पण त्याखाली शेते आणि गावठाणे आहेत हे मराठीच्या विद्यार्थ्याने विसरता कामा नये. ॲम्बी व्हॅलीचे पुढे काय झाले हेही सर्वश्रुत आहे. गुंतवणूकदारांच्या पैशांच्या वसुलीच्या प्रकरणात २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर टाच आणली. आम्ही खेळलो त्यानंतर सुमारे वर्षभरातच.

हे सर्व मान्य करूनच आम्ही म्हणतो की इथे दोन गोष्टींची गल्लत होते आहे. एक आहे कुंपण आणि दुसरा आहे अडथळा. फाटकावरचा पहारेकरी, सभासदत्वाचे शुल्क, पोशाखाचे नियम, काठ्यांची किंमत, इंग्रजी बोलण्याची अपेक्षा ही सगळी कुंपणे. तळे, झाडी, वाळूचा खळगा, हिरवळीचा फसवा उतार हे अडथळे. कुंपण तुम्ही कोण आहात हे विचारते. अडथळा तुम्ही काय करू शकता हे विचारतो. आमची तक्रार कुंपणाविरुद्ध आहे आणि ती तीव्रच असली पाहिजे. पण कुंपणावरचा राग अडथळ्यांवर काढून चालणार नाही.

या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात याचे उदाहरण या खेळाच्या माहेरीच सापडते. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजचे जुने मैदान हे जगातील सर्वांत विख्यात आणि खोल खळग्यांमुळे भल्याभल्यांना नमवणारे मैदान. पण ती जमीन सार्वजनिक आहे. रविवारी तिथे एरवी खेळ बंद असतो आणि गावकरी त्याच हिरवळीवर पोराबाळांना, कुत्र्यांना घेऊन फिरतात. कुंपण जवळजवळ नाही, आणि अडथळे मात्र कायम. आपल्याकडेही अली शेर या खेळाडूची कहाणी आहे. दिल्लीच्या मैदानावर इतरांच्या पिशव्या वाहणारा हा कॅडी १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू ठरला आणि १९९३ साली त्याने ती स्पर्धा पुन्हा जिंकली. त्याच्यासाठी कुणी मैदान सोपे केले नव्हते. पिशवी वाहण्याच्या निमित्ताने तो कुंपणाच्या आत होता, एवढेच त्याला पुरले.

आता आपल्या वर्गाकडे वळू. आम्ही काय करतो? कुंपणे सगळी शाबूत ठेवतो आणि अडथळे तेवढे काढून टाकतो. ग्रामीण विद्यार्थ्यासमोरची कुंपणे कोणती हे आम्हां अध्यापकांना चांगले ठाऊक आहे. मूळ पुस्तकाची ग्रंथालयात असलेली एकच प्रत, तीही कपाटात कुलूपबंद. शेवटची एस.टी. चुकू नये म्हणून अर्ध्यावर सोडावा लागणारा तास. ऊसतोडीच्या किंवा कांदाकाढणीच्या हंगामात बुडणारे आठवडे. मुलीचे लग्न ठरले म्हणून तिसऱ्या वर्षी रिकामी होणारी बाके. आपली बोली 'अशुद्ध' आहे ही शाळेपासून मनात भरवलेली लाज. यांपैकी एकही कुंपण अभ्यासक्रम सोपा केल्याने हटत नाही. उलट सोप्या अभ्यासक्रमामुळे ही कुंपणे आहेत याचाच आपल्याला विसर पडतो, कारण निकाल चांगला लागतो. शहरातील नामांकित महाविद्यालयातील विद्यार्थी मात्र घरच्या कपाटातून हव्या त्या अवघड पुस्तकाकडे हात पुढे करू शकतो. अवघड साहित्य आपण आपल्या मुलांपासून दूर ठेवले की ते नाहीसे होत नाही. ते फक्त दुसऱ्यांचे होते.

या संदर्भात आम्हांला एकनाथांची आठवण होते. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तोवर तीनशे वर्षांच्या पाठांतराने आणि नकलांनी ग्रंथात नाना भर पडली होती. त्यांनी ती दूर केली आणि पुढे कुणी आपल्या पदरच्या ओव्या त्यात घालू नयेत अशी स्पष्ट ताकीद देऊन ठेवली. चेंडू पडला असेल तसा खेळा, हाच तो नियम. पण याच एकनाथांनी वासुदेव, जोशी, गोंधळी अशांच्या तोंडी भारुडे रचली, लोकांच्या बोलीत, लोकांच्या खेळात. मूळ ग्रंथाला हात न लावता त्यांनी माणसांना त्याच्यापर्यंत आणण्याची वाट बांधली. एकाच माणसाच्या ठायी पाठाविषयीची कठोरता आणि श्रोत्याविषयीचा कळवळा या दोन्ही गोष्टी असू शकतात. आम्हांला मात्र वाटते की कळवळा असेल तर पाठ पातळ केलाच पाहिजे.

पुन्हा मैदानावर जाऊ. आमच्याबरोबर एक कॅडी होता, आसपासच्याच एखाद्या गावचा असावा. विशी-बाविशीचा मुलगा, बोलणे मोजके. एका हिरवळीवर चेंडू गलीपासून दहा-बारा पावलांवर होता. आम्ही दोघे दोन बाजूंनी वाकून उतार पाहत होतो. एकाला तो उजवीकडे वाटे, दुसऱ्याला डावीकडे. बराच वेळ आमचा शास्त्रार्थ ऐकून घेऊन तो म्हणाला, "साहेब, इथं पाऊस पडला तर पाणी कुठं वाहील ते बघा. चेंडू पाण्याच्याच वाटंनं जातो." आम्ही तसे पाहिले आणि उतार एकदम दिसला. तळ्याच्या दिशेने, अगदी मंद, पण निश्चित. चेंडू गलीत पडला असे सांगता आले असते तर लेखाला शोभा आली असती. तो गलीच्या काठाला लागून बाजूला गेला. पण वाट तीच होती.

त्या मुलाने काय केले आणि काय केले नाही, यावर आम्ही नंतर बराच विचार केला. गोल्फच्या नियमांनुसार सामन्यात खेळाडूने फक्त आपल्या भिडूचा आणि आपल्या कॅडीचाच सल्ला घ्यायचा असतो. कॅडी पिशवी वाहतो, अंतर सांगतो, वारा सांगतो, उतार वाचायला शिकवतो. पण टोला तो मारू शकत नाही. एवढेच काय, खेळाडू टोला मारताना त्याने चेंडूच्या मागे नेमरेषेवर उभेही राहायचे नाही, असा नियम आहे. २०१९ साली तो आणखी कडक झाला. खेळाडू पवित्रा घेऊ लागला की कॅडीने तिथून बाजूला झाले पाहिजे. अध्यापनाची याहून नेमकी व्याख्या आम्हांला बी.एड.च्या पुस्तकांत सापडलेली नाही. ओझे वाहा, अंतर सांगा, पाण्याची वाट दाखवा आणि मग रेषेवरून बाजूला व्हा. आम्ही बहुतेक वेळा विद्यार्थ्याच्या हातातून काठी घेऊन टोला स्वतःच मारतो आणि त्याच्या वहीत 'गल जिंकली' असे लिहून देतो.

त्यानंतर दोनेक वर्षांनी आमच्यापैकी एकाने हा प्रयोग वर्गात करून पाहिला. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात, माळी नेईल तिकडे निमूट जाणाऱ्या पाण्याचा दृष्टान्त आहे. मार्गदर्शकात त्याचा अर्थ एका ओळीत दिलेला असतो : साधकाने अहंकार सोडून नम्र व्हावे. या वेळी अर्थ सांगायचा नाही, असे ठरवले. जुने शब्द फळ्यावर लिहून दिले, त्यांचे आजचे रूप सांगितले आणि गप्प बसलो. पाच-सात मिनिटे वर्ग अस्वस्थ. मग मागच्या बाकावरची, एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी म्हणाली, "सर, पाणी आपलं आपण निमूट जात नाही. रात्री दारं धरायला गेलं की कळतं. पाट फुटला की ते भलत्याच्याच रानात जातं. इथं ते गुमान चाललंय म्हणजे माळ्यानं आधी पाट नीट केलेला असणार."

वर्गात क्षणभर कुणी बोलले नाही. आम्ही इतकी वर्षे तो दृष्टान्त पाण्याच्या नम्रतेचा म्हणून शिकवत आलो होतो. रात्रीच्या विजेवर मोटार चालू झाली की बापाबरोबर कंदील घेऊन रानात जाणाऱ्या त्या मुलीने तो माळ्याच्या कष्टाचाही म्हणून वाचला. पाण्याच्या निमूटपणामागे कुणाची तरी आधीची मेहनत असते, शिष्याच्या शरणागतीमागे गुरूची पूर्वतयारी असते. ज्ञानेश्वरांना हे अभिप्रेत होते की नव्हते यावर विद्वानांनी वाद घालावा. आम्हांला एवढे दिसले की 'आपल्या मुलांना हे जड जाते' या वाक्यातील आपली मुलगी तो पाठ आमच्यापेक्षा खोल वाचू शकत होती, कारण तिला पाण्याची वाट ठाऊक होती. सारांश देऊन आम्ही तिच्या समोरचे तळे बुजवत होतो आणि तिच्या हातातील सर्वांत चांगली काठी निरुपयोगी करत होतो.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याचा आनंद सर्वांबरोबर आम्हांलाही झाला. पण या दर्जाचा आधार ज्या ग्रंथांत आहे ते ग्रंथ मराठीचा पदवीधर मूळातून वाचणार नसेल तर हा गौरव कोणाच्या वतीने स्वीकारायचा? आपल्याकडे उत्तम मैदान आहे अशी पाटी लावायची आणि आपल्याच मुलांना बाहेरच्या सपाट कुरणावर खेळवायचे, असे तर आपण करत नाही ना?

आमचे म्हणणे थोडक्यात असे. अभ्यासक्रमात वर्षाला निदान एक अवघड कृती अखंड, मूळ रूपात ठेवावी आणि तिच्यासाठी वेळ दुप्पट द्यावा. मदत सर्वांत अवघड जागी आधी द्यावी. पहिल्या वाचनाला गुण नसावेत. 'हे मला कळले नाही' असे लिहिणाऱ्याला एका टोल्याचा दंड व्हावा, त्याहून अधिक नाही, आणि त्याला पुढे खेळू द्यावे. विद्यार्थ्याला त्याच्या सर्वोत्तम उत्तरांवरून जोखावे. आणि जो उत्साह आपण पाठ गाळण्यात दाखवतो तो कुलूपबंद कपाट उघडण्यात, जादा प्रती आणण्यात, शेवटच्या एस.टी.ची वेळ पाहून तास लावण्यात दाखवावा. कुंपणे आपल्या हातून सगळी हटणार नाहीत हे खरे, पण निदान त्यांची यादी तरी आपण अभ्यासमंडळाच्या बैठकीत वाचून दाखवू शकतो.

गोल्फ आम्ही पुन्हा खेळलो नाही. परवडणारे नव्हते आणि त्या हिरव्या गवताचा हिशेबही मनात मिटला नाही. पण आजही एखादी अवघड कविता वर्गात काढताना, फळ्याकडे पाठ करून उभे राहण्याआधी, आम्ही एक पाऊल बाजूला सरकतो. मुलांना त्याचे कारण ठाऊक नाही. कविता आणि त्यांच्या मधली रेषा मोकळी झाली, एवढे पुरे आहे.